कालचा विरोधक, आजचा कॉर्नर: अमरावती-अकोला कॉलेज कबड्डीची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना तुटलेली वाक्यं जोडली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

इअरफोन कानात घालून लाल परीत बसला असाल तर खिडकीची सीट मिळाली असेल, अशी आशा करतो. आणि तुमची एसटी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्याकडे चालली असेल, तर आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी आहे.

अमरावती आणि अकोला यांच्यात साधारण शंभर किलोमीटरचं अंतर. भाषा एक, कापूस एक, ऊन तर एकदमच एक. पण आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना लागला आणि समोरासमोर या दोन शहरांची कॉलेजं आली, की मॅटच्या एका बाजूनं ‘अंबामाता की जय’ आणि दुसऱ्या बाजूनं ‘हर्र बोला महादेव’ सुरू होतं. मग पुढचा तासभर कोणाला कोणाचं काही ऐकू येत नाही.

आज त्या आवाजाबद्दल थोडं आणि आवाजाच्या आत चालणाऱ्या खेळाबद्दल जास्त बोलायचं आहे. संघ म्हणून खेळायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ज्याला हरवायचं म्हणून वर्षभर घाम गाळला, तोच दोन आठवड्यांनी तुमच्या शेजारी, तुमच्याच रंगाची जर्सी घालून उभा राहिला तर?

अमरावतीला कबड्डी एवढी जवळची का?

अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. गावात कोणालाही ‘एचव्हीपीएम’ म्हणा, रस्ता दाखवतील. वैद्य बंधूंनी उभी केलेली ही संस्था. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक झालं, तेव्हा याच मंडळाचं पथक तिथं गेलं आणि त्यांनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यात कबड्डी होती. म्हणजे प्रो कबड्डी टीव्हीवर यायच्या ७८ वर्षं आधी आपल्या अमरावतीची पोरं जर्मनीत दम घुमवून आली होती. एशियन गेम्समध्ये कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली ती थेट १९९० मध्ये, बीजिंगला.

आता दुसरी गोष्ट, जी आजच्या एपिसोडसाठी जास्त महत्त्वाची आहे. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ सुरू झालं. आज त्याचं नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली. म्हणजे काय झालं? अमरावतीचं कॉलेज आणि अकोल्याचं कॉलेज एकमेकांविरुद्ध खेळतात, पण विद्यापीठ दोघांचं एकच. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिथंच यायचं आहे.

नियम, पटकन

ज्यांनी कबड्डी फक्त रील्समध्ये पाहिली, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. बाकीच्यांनीही ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट याच नियमांवर उभी आहे.

संघ बारा जणांचा, मॅटवर सात. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, मधोमध रेषा. रेडर ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत पलीकडे जातो, त्याला ३० सेकंद मिळतात. कोणाला हात-पाय लावून परत आला, की जितक्यांना लावला तितके गुण आणि तितके समोरचे बाहेर. पकडला गेला, की समोरच्यांना एक गुण आणि हा बाहेर.

समोर सहा किंवा सात डिफेंडर असतील तरच बोनस रेषेवरचा गुण मिळतो. सगळे सात बाहेर गेले की ‘लोण’, म्हणजे दोन गुण जादा. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी डिफेंडर असताना त्यांनी रेडरला पकडलं, तर एकाऐवजी दोन गुण. याला सुपर टॅकल म्हणतात. आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी ‘डू ऑर डाय’: गुण आणला नाही तर रेडर स्वतःच बाहेर आणि समोरच्या संघाला एक गुण.

आता सगळ्यात सुंदर नियम. बाहेर गेलेला खेळाडू परत कधी येतो? ठरावीक मिनिटांनी नाही. त्याच्या संघातल्या दुसऱ्या कोणीतरी समोरचा एक गडी बाद केला, की याच्यातला एक जिवंत. तेही ज्या क्रमानं बाहेर गेले, त्याच क्रमानं. बोनसच्या गुणावर कोणी जिवंत होत नाही.

जुन्या काळी आपल्याकडे कबड्डीचे तीन प्रकार खेळले जायचे: संजीवनी, गमिनी आणि अमर. गमिनीत बाहेर गेला तो गेला, अख्खा संघ बाद होईपर्यंत बसून राहायचं. अमरमध्ये कोणी बाहेरच जात नसे, नुसते गुण मोजायचे. आजची कबड्डी संजीवनीतून आली. नावातच सगळं आलं. मी बाहेर बसलोय आणि माझा जीव तुझ्या हातात आहे.

म्हणून कबड्डीत एकटा स्टार संघाला फार लांब नेऊ शकत नाही. तुमचा सगळ्यात भारी रेडर पकडला गेला, तर तो बाकावर टॉवेल घेऊन बसतो. त्याला परत आणायचं काम त्या पोराचं, ज्याचं नाव प्रेक्षकांना माहीतही नसतं.

साखळी म्हणजे काय

सात डिफेंडर कसे उभे राहतात ते डोळ्यांसमोर आणा. दोन टोकांना दोन कॉर्नर. त्यांच्या शेजारी दोन इन. मग दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. कॉर्नर आणि इन एकमेकांचा हात धरून उभे राहतात. याला साखळी म्हणायचं.

हात धरायचा तो दिसायला छान म्हणून नाही. रेडर आत आला की कॉर्नरची नजर त्याच्या पायावर असते. शेजारी काय चाललंय ते कॉर्नरला दिसत नाही, फक्त हातातून कळतं. इननं बोटं आवळली की समजायचं, मी तयार आहे. हात सैल सोडला की समजायचं, आता नाही. कॉर्नर घोट्याला झेप घेतो, त्याच क्षणी इन कंबर धरतो, कव्हर बाहेरून येऊन मध्यरेषेकडचा रस्ता अडवतो. तिघं मिळून एक पकड होते. यातला एक जण अर्धा सेकंद आधी गेला, तर तीन लोकांची पकड उरत नाही. तीन वेगवेगळी माणसं उरतात आणि रेडरला एकाच वेळी तीन गुण समोर दिसायला लागतात.

आमचे कोच एकच वाक्य रोज म्हणायचे: ‘पकड हातानं होत नाही पोट्टेहो, थांबण्यानं होते.’ तेव्हा मला ते फार बोअर वाटायचं.

ते चाळीस सेकंद

आता स्वतःचीच फजिती सांगतो.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, अमरावतीत. संघातली जागा डावा इन. डावा कॉर्नर आमचा कॅप्टन. सेमी फायनल, समोर अकोल्याचं कॉलेज. त्यांचा एक रेडर होता, उंच, सडपातळ, तोंडावर काहीच भाव नाही. फर्स्ट हाफमध्ये त्यानं मला दोनदा बाद केलं होतं. दोन्ही वेळा त्यांच्या पोरांनी असा काही कल्ला केला, की माझ्या डोक्यात खेळ राहिलाच नाही. फक्त तो राहिला.

सामन्याची शेवटची चाळीस सेकंदं. आम्ही २८, ते २७. मॅटवर आम्ही तिघं: कॅप्टन, मी आणि राइट कव्हर. त्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, आणि तिसऱ्या चढाईला तोच रेडर येतोय. डू ऑर डाय.

इथं जरा थांबू आणि हिशेब करू. आम्ही तिघंच, म्हणजे त्याला बोनस मिळणार नाही. हात लावल्याशिवाय त्याला गुण नाही. आम्ही त्याच्यापासून लांब राहिलो, तर तीस सेकंदांनंतर तो आपोआप बाहेर. आम्हाला एक गुण, २९-२७, आमचा एक गडी जिवंत आणि घड्याळात जेमतेम दहा सेकंद. म्हणजे सामना जवळजवळ खिशात. करायचं काय होतं? काहीच नाही. मागं सरायचं आणि हात सोडायचा नाही.

पण तीन डिफेंडर म्हणजे सुपर टॅकलही होता. पकडलं तर दोन गुण. आणि पकडायचा कोण, तर तोच. माझ्या डोक्यात गणित नव्हतं, त्या दोन वेळच्या बाद होण्याचा हिशेब होता. कॅप्टननं माझी बोटं सैल सोडली होती. सैल म्हणजे ‘नाही’. मला ते कळलंही. तरी मी हात सोडला आणि त्याच्या घोट्यावर झेपावलो.

घोटा हातात आला, पण पुरता नाही. कॅप्टन काय करणार? मला एकटं कसं सोडणार? तो धावत आला, त्यानं रेडरची कंबर धरली. रेडर आम्हा दोघांना ओढत पडला आणि पडता पडता त्याचा हात मध्यरेषेच्या पलीकडे टेकला. दोन गुण. २८-२९. मॅटवर आमचा एकटा राइट कव्हर. तो चढाईला गेला, काही जमलं नाही, शिट्टी वाजली.

कॅप्टन मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘अबे, कायले हालला बे तू? उभा राह्यला असता त जितलो असतो ना आपण.’

त्या रात्री झोप लागली नाही. हरल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी एक गोष्ट टोचत होती. माझ्या चुकीला साथ द्यायला म्हणून कॅप्टन बाद झाला. साखळी मी तोडली आणि ती जोडायला तो आला.

मग विद्यापीठाचा कॅम्प

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपल्या की विद्यापीठाचा संघ निवडतात. पाचही जिल्ह्यांतल्या कॉलेजांमधून. हा संघ पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. विद्यापीठाकडून खेळलेल्या खेळाडूला आपल्याकडे ‘कलर कोट’ खेळाडू म्हणतात आणि तो कोट अंगावर असला की कॉलेजच्या गेटवरचा वॉचमनही वेगळ्या नजरेनं बघतो.

आमच्या कॅप्टनची निवड झाली. आणि अकोल्याच्या त्या रेडरचीही झाली. कॅम्पमध्ये दोघं एकाच खोलीत.

विचार करा, दोन आठवड्यांपूर्वी एकमेकांना ओढत मॅटवर पडलेली ही दोन पोरं. आता यांनी एकत्र जेवायचं, एकत्र धावायचं आणि पुढच्या काही दिवसांत एक संघ व्हायचं. खरी अडचण इथं असते. ताकद, दम, फिटनेस सगळ्यांकडे असतो, म्हणून तर निवड झालेली असते. नसतो तो फक्त शेजारच्याच्या हाताचा अंदाज. बोटं आवळली म्हणजे ‘हो’ की ‘थांब’, हे प्रत्येक कॉलेजात वेगळं शिकवलेलं असतं. तो अंदाज यायला एकच रस्ता: आपल्या युक्त्या समोरच्याला सांगून टाकायच्या. ज्या युक्तीनं पुढच्या वर्षी तुम्ही त्यालाच हरवणार होता, तीसुद्धा.

कॅम्पहून आल्यावर कॅप्टननं मला चहाच्या टपरीवर बसवलं आणि सांगितलं, तो रेडर माझ्याबद्दल काय बोलला ते. त्याचे शब्द साधारण असे होते: ‘तुमचा तो डावा इन हाये ना, झेप घ्यायच्या पहिले त्याची उजवी टाच उचलली जाते. टाच उचलली का मले समजते, आता हा येते. त्या दिवशी मी चढाईले त्याच्यासाठीच आल्तो. बाकी दोघं हालणार नव्हते, हे माहीत होतं.’

मी सुन्न झालो. तीन वर्षं मी खेळत होतो. कोचनं पाहिलं, मित्रांनी पाहिलं, मोबाईलवर व्हिडिओ काढून मी स्वतःही पाहिलं. माझी टाच कोणालाच दिसली नव्हती. ती दिसली फक्त त्याला, ज्याला मी शत्रू समजत होतो. कारण मला नीट बघण्याची गरज फक्त त्यालाच होती.

पुढच्या वर्षी मी जास्त वेळ राखीव खेळाडू म्हणूनच होतो. पण टाच जमिनीवर ठेवायला शिकलो.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं प्रचंड वेड आहे. त्यांचं फुटबॉल म्हणजे आपलं पायानं खेळायचं नव्हे, हेल्मेट घालून अंडाकृती बॉल घेऊन धडका मारायचं. तिथली एक गाजलेली लढत म्हणजे आर्मी विरुद्ध नेव्ही. दोन लष्करी अकादमींचे विद्यार्थी १८९० पासून एकमेकांविरुद्ध खेळतात. सामन्याआधी काय वाटेल ती चिडवाचिडवी चालते. पण सामना संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहतात. आधी हरलेल्या अकादमीचं गीत होतं, दोन्ही संघ उभे राहून मान देतात. मग सगळे जिंकलेल्यांच्या बाजूला जातात आणि त्यांचं गीत होतं. म्हणून तिथली पोरं ‘आम्हाला जिंकायचंय’ म्हणण्याऐवजी म्हणतात, ‘आम्हाला दुसऱ्यांदा गायचंय.’ कारण सगळ्यांना माहीत असतं, पदवी मिळाली की दोघंही एकाच देशाच्या फौजेत जाणार.

आपल्या जवळचं उदाहरण हवं? अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे. दोघंही विदर्भाच्या एकाच संघात खेळले आणि आयपीएलमध्ये पंजाब किंग्जच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले. तिथं कोणी विचारत नाही, भाऊ तू अकोल्याचा की अमरावतीचा.

आणि कबड्डीतलंच सांगायचं तर २०१८ चं जकार्ता आठवा. एशियन गेम्समध्ये महिला कबड्डीच्या फायनलला इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं. इराणच्या त्या संघाच्या कोच होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. त्या वेळी अनेकांना वाईट वाटलं. पण दुसऱ्या बाजूनं बघा. समोर तोडीचा संघ नसेल, तर तुमच्या संघाची टाच उचलली जातेय हे तुम्हाला दाखवणार कोण? पुढच्या एशियन गेम्समध्ये, हांगझोऊला, भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी सुवर्ण परत आणलं.

मग चुरस नकोच का?

असं अजिबात नाही. चुरस नसेल तर संध्याकाळी पाच वाजता उन्हात ग्राऊंडवर कोण जाईल? अकोल्याला हरवायचं, या एका वाक्यावर आम्ही अख्खं वर्ष पहाटे उठलो. चुरस लोकांना एकत्र आणते, आणि हेही संघाचंच काम आहे.

चूक होते ती कुठं? खेळातला समोरचा डोक्यात शिरतो आणि शेजारचा हातातून सुटतो, तिथं. मी त्या रेडरला बघत राहिलो आणि कॅप्टनचा हात विसरलो. सामन्यानंतर पार्किंगमध्ये होणाऱ्या मारामाऱ्या, इन्स्टाच्या स्टोरीवर एकमेकांच्या गावाला दिलेल्या शिव्या, हे सगळं तिथूनच सुरू होतं. त्यात भाग घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, की ज्याला आज शिवी दिली, तो पुढच्या महिन्यात आपल्याच विद्यापीठाच्या जर्सीत खेळणार आहे.

ऑफिसमध्ये आज माझा कोड कोणी तपासला आणि त्यात खोट काढली, तर पहिल्यांदा राग येतोच. मग ती टाच आठवते.

जाता जाता एक काम

पुढच्या वेळी कॉलेजच्या कबड्डीचा सामना बघायला गेलात, गावातल्या लाल मातीवर असो की स्टेडियममधल्या मॅटवर, तर पहिली पाच मिनिटं रेडरकडे बघू नका. सगळे त्याच्याकडेच बघत असतात. तुम्ही कॉर्नर आणि इन यांच्या हातांकडे बघा. बोटं कधी आवळतात, कधी सैल होतात, कोण आधी सुटतं. पाच मिनिटांत तुम्हाला कळेल की कुठला संघ जिंकणार. बहुतेक वेळा अंदाज खरा निघतो.

आणि अमरावती-अकोल्याचा सामना असेल, तर ओरडा, घसा बसेपर्यंत ओरडा. फक्त सामना संपल्यावर समोरच्या डाव्या इनला जाऊन एकदा विचारा, ‘भाऊ, आमच्या खेळात तुले काय दिसलं?’ जे तो सांगेल, ते तुमच्या संघातलं कोणीच तुम्हाला सांगितलेलं नसेल.

तुमच्या कॉलेजची अशी कुठली लढत आहे, आणि ज्याला हरवायचं होतं त्याच्याकडूनच तुम्ही काय शिकलात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. वऱ्हाडीत बोललात तर आणखी मजा येईल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर टाच जमिनीवर.